आक्काचा पाय आणि ऐसपैस गाडी

३ फेब्रुवारी, सास्तूर
गाडी आली. बारकी, पण आतून ऐसपैस, म्हणे. दुकानातल्या माणसानं बसवून दाखवलं, "आजी, बघा, डोकं छताला लागत न्हाय." माझं डोकं कशालाच लागत न्हाय बाबा, म्या हाय टीचभर.
ल्योकाला, बाळूला म्हणलं, पहिली खेप भूमला. थोरली बहीण माझी, आक्का, पडल्यापासनं गुडघा वाकत न्हाय. यष्टीत चढता येईना. तिथं एकटी राहते. तिला कायमची इकडं आणायची. ल्योक म्हणला, "बघू." सूनबाई शोभे, म्या सांगते तसंच लिही. नवऱ्याचं म्हणून गाळू नको.

९ फेब्रुवारी
भूमहून आलो. रिकामे. डोकं तापलंय.
पुढच्या दारातनं आक्काचा ताठ पाय वळंना. पाय आत, तर अंग बाहेर. मग बाळूला हुशारी सुचली. मागची शीट पाडली, डिक्कीचं दार वर केलं, गोधडी अंथरली. "मावशी, पलंग झाला बघा. व्हा आडव्या."
आक्कानं बघितलं. "बाळ्या, आन् पुढं मडकं कोण धरणार?"
"मावशी, आजकाल असलं कुणी मानत न्हाय."
"म्या मानते. या उंबऱ्यातनं आडवी एकदाच निघीन. तवा चौघं आण." आत गेली, कडी लावली.
गाडी घडवणाऱ्याला पोत्याची सोय बरी सुचली! त्याच्या घरात म्हातारी न्हाय व्हय? का तिलाबी डिक्कीत घालतो?
येताना आक्काच्या जागी ज्वारीचं पोतं टाकलं. "मावलं बघ, आई." शिवा शिवा.

१० फेब्रुवारी
ल्योकाशी बोलले न्हाय. भाकरी वाढली. तीबी करपकी.

१२ फेब्रुवारी
गुडघ्याला टॉवेलानं लाटणं बांधलं आन् एकेक दार करून बघितलं. शेजारीण म्हणते, "काय झालं वो आजी?" म्हणलं, गाडी मोजते.
सापडलं! मागलं बाजूचं दार. पाठमोरं टेकायचं, बुडावर सरकत पलीकडच्या दारापत्तोर. शीटवरचं प्लास्टिक ल्योकानं अजून काढलं न्हाय, सर्रकन गेले. पाय शीटवर लांब, अंग उभं. बसलेली! आडवी न्हाय.
बाळू म्हणला, "अशानं पाच जणांच्या गाडीत तिघंच."
"मग तू चालत ये."
शोभा हसती. लिही म्हणलं, हसू नको.

१३ फेब्रुवारी
आक्काला फोन.
"बसून?"
"बसून."
"कुठल्या दारानं?"
"बाजूच्या."
मग म्हणली, "तूच ये तशी. पाय ताठ ठिवून, भूमपत्तोर. माझ्या दारात कशी उतरतीस ते बघते, मग ठरविते."
बाळू म्हणतो, लोक हसतील. हसू देत. उद्या निघायचं.
चढायचं जमलंय. उतरायचं सकाळपासनं करून बघते, शोभा धरती तवाच जमतंय.