वर्दळीचा धंदा

२ जून, सकाळी
आजपासून नियमित रोजनिशी. निमित्त मोठं आहे. कालच्या सभेत इस्टेट एजंट संघटनेने मला शासकीय धोरण समितीचा अध्यक्ष केलं. बिनविरोध. मी हात धुऊन परत येईपर्यंत ठराव झालासुद्धा होता. समितीत दुसरं कोणी नाही. बरंच आहे. मतभेदांत वेळ जात नाही.
काम असं : नगरपालिकेत काय शिजतंय ते आधी हुंगायचं आणि सभासदांना सावध करायचं. 'धोरण वार्ता' नावाचा ग्रुप काढला. पहिली वार्ता टाकली : 'पालिका उद्या उघडी आहे.' प्रतिसाद उत्तम.

४ जून
पालिकेत जाऊन आलो. नगररचना विभागाबाहेरच्या बाकावर बसलो. कोणाकडे काम आहे, असं शिपायाने विचारलं. म्हटलं, धोरणाकडे. तो म्हणाला, ते जेवायला गेलेत.
मुख्य अधिकारी समोरून गेले. माझ्याकडे बघून खोकले. ओळख झाली म्हणायला हरकत नाही.

९ जून
खळबळ! नव्या नियमाचा मसुदा आलाय. रहिवासी इमारतीत बाहेरची माणसं येतील असा कुठलाही धंदा चालणार नाही. मला हे सेक्रेटरीकडून कळलं, त्याला पेपरातून. (सेक्रेटरी म्हणजे आमच्या संघटनेचा. धंद्यात हुशार, पण दूरदृष्टी नाही.)
माझं ऑफिस म्हणजे आमच्या घराची पुढची खोली. तळमजला. एक टेबल, माझी खुर्ची, गिऱ्हाइकांच्या दोन खुर्च्या, बाहेर बोर्ड.
सौ.ने बातमी वाचली आणि म्हणाली, बरं झालं, आईला इथे आणता येईल. सासूबाई याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहतात. लिफ्ट नाही, गुडघे गेलेले. भाजी आणायची तर आदल्या दिवसापासून मनाची तयारी करतात. मी सौ.ला समजावलं, मसुदा म्हणजे कणीक, आकार आम्ही द्यायचा असतो. ती ऐकत होती की नाही कोण जाणे. हात पसरून खोलीत पलंगाचं माप घेत होती.

१० जून
वार्ता टाकली : 'घाबरू नका. विषय माझ्याकडे आहे.' काही सभासद ग्रुप सोडून गेले. निर्धास्त झाले असावेत.

१६ जून
मसुदा मुळातून वाचायचा संकल्प. दुपारी बसलो. पहिल्या पानावर 'इमारत' या शब्दाची व्याख्या आहे. अतिशय सविस्तर. जाग आली तेव्हा चहाची वेळ झाली होती.
मग शेवटचं पान बघितलं. लेखी हरकतींची मुदत कालच संपली! ही गोष्ट शेवटच्या पानावर छापतात, काय म्हणावं या लोकांना. असो. लेखी हरकती कोण वाचतं? खरी लढाई जनसुनावणीत.

२१ जून
आरशासमोर भाषणाची तालीम. सौ. कपडे वाळत घालता घालता म्हणाली, अहो, गिऱ्हाईक किती येतं ते खरं सांगून टाका, म्हणजे सुटाल. मी हसलो. बायकांना राजकारणातलं कळत नाही. हे वाक्य मनातल्या मनात म्हटलं.
सेक्रेटरीचा फोन. त्याचंही तेच. म्हणाला, फक्त एवढंच बोल की आमचा धंदा फोनवर चालतो, ऑफिसात कोणी येत नाही, आणि खाली बस. ठीक आहे म्हटलं. पण अध्यक्षाने फक्त एवढंच बोलायचं?

२४ जून
सुनावणी झाली. सभागृह खचाखच. आपल्या धंद्यातले सगळे मागच्या रांगांत.
प्रास्ताविक छान रंगलं. मग सुनावणीच्या अध्यक्षबाईंनी मध्येच विचारलं, "तुमच्या ऑफिसला फार वर्दळ असते का हो?"
वाक्य तयार होतं. कोणी येत नाही. ओठांवर आलं होतं. तेवढ्यात मागे बघितलं. सगळे धंदेवाले माझ्या तोंडाकडे बघत होते. यांच्यासमोर काय सांगू? की या वर्षात दोन माणसं आली, एक दातांच्या डॉक्टरचा पत्ता विचारायला आणि दुसरा तोच, डॉक्टर सापडला नाही म्हणून?
"वर्दळ?" मी म्हणालो, "बाई, पाय ठेवायला जागा नसते! गाड्या पार कोपऱ्यापर्यंत लागतात!"
त्यांनी ते लिहून घेतलं. सेक्रेटरीने डोकं दोन्ही हातांत धरलं. भारावला असावा. जाताना अध्यक्षबाई स्वतः म्हणाल्या, तुमच्यामुळे चित्र अगदी स्पष्ट झालं. असं त्या आणखी कोणाला म्हणाल्या नाहीत.

२८ जून
अंतिम नियम आला. फोनवर चालणारे धंदे चालतील, 'वर्दळीचे' चालणार नाहीत. वर्दळीचे म्हणजे कोणते, तर कंसात लिहिलंय : उदाहरणार्थ, इस्टेट एजंटचे कार्यालय. आपल्या व्यवसायाचा नावानिशी उल्लेख! इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.
सभासदांची दृष्टी संकुचित आहे. एकाने फोनवर जे सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. 'धोरण वार्ता'मध्ये आता मी एकटाच. चर्चा शिस्तीत होते.

५ जुलै
पालिकेचे निरीक्षक पाहणीला आले. वयस्कर, सभ्य गृहस्थ. गिऱ्हाइकाच्या खुर्चीत सकाळपासून बसून होते. फोन वाजला नाही. दार वाजलं नाही. शेवटी म्हणाले, गाड्या कुठे लागतात? मी म्हटलं, आज वार तसा नाही. थोड्या वेळाने त्यांचा डोळा लागला.
उठल्यावर सौ.ने चहा दिला. तो पिऊन त्यांनी कप बाजूला ठेवला आणि हळू आवाजात म्हणाले, "साहेब, इथे कोणी येत नाही असं लिहून द्या. सूट मिळेल, ऑफिस राहील. नाहीतर मला सील लावावं लागेल."
मी बाहेर बघितलं. दारातून बोर्डाची मागची बाजू दिसत होती. तो रंगवून आणला त्या दिवशी सौ. स्वतः स्टुलावर चढून खिळे ठोकत होती आणि मी खालून, डावीकडे घे, उजवीकडे घे, असं सांगत होतो. आता ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तीही बोर्डाकडेच बघत होती. 
पेन घेतलं. लिहिलं : 'माझ्याकडे फारसे कोणी येत नाही.'
निरीक्षकांनी वाचलं. म्हणाले, फारसे काढा.
काढलं.

१२ जुलै
विजय! सूट मिळाली. समितीचं पहिलं यश. ग्रुपवर टाकलं, अंगठाही मीच दिला.
सौ.ने पालिकेचं पत्र मोठ्याने वाचलं : 'सदर खोलीत कोणीही येत नसल्याचे पाहणीत आढळून आले.' घडी घालून परत दिलं. म्हणाली, "मग पलंग लावायला काय हरकत आहे?"
बराच विचार केला. नियमात हरकत सापडत नाही.

१९ जुलै
पलंग आला, सासूबाई आल्या. टेबल पायथ्याशी सरकवलं. "तुमचं चालू द्या हो जावईबापू, मला काही अडचण नाही," म्हणाल्या.
आडवं पडल्यावर सुचलं. सासूबाईंचा वरचा फ्लॅट रिकामा झालाय! उजेड भरपूर, स्वयंपाकघर ऐसपैस. जाहिरातीचा मजकूरही तयार केला. 'शांत, हवेशीर, व्यायामाची आवड असणाऱ्यांस प्राधान्य.' पुन्हा उभारी आली. उद्या सकाळी विषय काढायचा.

२० जुलै
काढला. सासूबाई म्हणाल्या, "अहो, तो तर मी सेक्रेटरींना देऊन टाकला भाड्याने लावायला. घरच्या माणसाला कशाला उगाच त्रास?"
सेक्रेटरी दुपारी भाडेकरूंना घेऊन आला. नवरा-बायको, नुकतंच लग्न झालेलं. सासूबाईंना जिना चढवत नाही म्हणून बोलणी इथेच, माझ्या ऑफिसात. गिऱ्हाइकांच्या खुर्च्यांवर ते दोघं बसले, माझ्या खुर्चीत सेक्रेटरी. माझंच पेन घेऊन सह्या झाल्या. सगळे खुशीत होते. सासूबाईंनी त्या नव्या नवरीला जवळ बोलावून पाठीवरून हात फिरवला.
मला बसायला जागा उरली नाही. चहा मी केला.