बोलणं झालं, समाधानी

३ तारीख, सोमवार

आले एकदाची. बसमध्ये ड्रायव्हर आणि मी, दोघंच; उद्यापासून बसही बंद म्हणे. शेवटच्या थांब्यावर मला उतरवून गाडी अशी भुर्रकन गेली, जणू सगळी साथ माझ्याच पिशवीत भरली होती. फाटकावरच्या रखवालदाराने कपाळाला ते पिस्तूल लावून ताप बघितला, हातावर औषध ओतलं आणि मगच आत घेतलं.

वृद्धाश्रम म्हटल्यावर ताईच्या डोळ्यांसमोर काय काय उभं राहिलं होतं. प्रत्यक्षात जागा झकास आहे. दुमजली इमारत, पुढे बाग, बाकांवर लाल पट्ट्या लावलेल्या, म्हणजे कोणी बसू नये. मला खालच्या मजल्यावर ऑफिसशेजारची खोली दिलीय. साथ ओसरेपर्यंत इथेच राहायचं, बाहेर जायचं नाही.

एकूण सव्वीस आजी-आजोबा. पंधरा खाली, अकरा वर. वरचे अकरा विलगीकरणात आहेत. तिथे फक्त मुख्य परिचारिका जातात. त्यांना सगळे मोठ्या सिस्टर म्हणतात. पन्नाशीच्या असतील, अगदी हळू बोलतात, आणि हातात कायम विणकाम. संध्याकाळी स्वतः चहा घेऊन आल्या. माझं घर, माझं शिक्षण, ताई माझ्यावर किती ओरडते, सगळं विचारलं. मीही सुटले की सुटलेच. इतकं मन लावून माझं कोणी कधी ऐकलं नव्हतं.

४ तारीख, मंगळवार

समाजसेविका म्हणून माझं मुख्य काम टेलिफोनचं. भेटी बंद असल्यामुळे घरच्यांचे फोन ऑफिसात येतात. खालच्या मंडळींना मी हाताला धरून फोनपाशी आणते. वरच्यांसाठी एक बटण दाबलं की वर घंटी वाजते आणि सिस्टर फोन त्यांच्या खोलीत नेतात. बोलणं संपलं की वहीत शेरा: ‘बोलणं झालं, समाधानी.’

आज एकोणीस फोन. एकोणीस समाधानी. पहिल्याच दिवशी हे यश म्हणजे जरा जास्तच झालं, पण म्हटलं, असू दे.

खालच्या मंडळींत एक गणिताच्या बाई आहेत. चाळीस वर्षं शाळेत शिकवलं, आता वय ब्याऐंशी. माझ्या वहीतले आकडे उलट्या बाजूने वाचून बेरीज चुकल्याचं सांगितलं. चुकली होती. त्यांची थोरली बहीण, अक्का, वर आहे. दोघी गेली वीस वर्षं एकाच खोलीत राहत होत्या आणि रोज भांडत होत्या, असं स्वयंपाकघरातल्या मावशींनी सांगितलं.

७ तारीख, शुक्रवार

पोस्टमास्तरांच्या मुलीचा फोन. (पोस्टमास्तर वर, चार नंबरच्या खोलीत. मी आले त्याआधीच वर नेलेले.) वडिलांशी बोलून झाल्यावर तिने मुद्दाम मला परत फोन केला. रडत होती, पण आनंदाने. म्हणाली, बाबा इतकं निवांत किती वर्षांत बोलले नव्हते, एकदाही ‘काय? काय?’ केलं नाही.

माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. मी तिला सांगितलं, इथे काळजी फार चांगली घेतात.

८ तारीख, शनिवार

ऑफिसचे खण आवरत होते. एका पाकिटावर पोस्टमास्तरांचं नाव. आत त्यांचं कानाचं यंत्र. दोन्ही कानांचं.

फाइल काढली. डॉक्टरांनी स्पष्ट लिहिलंय की यंत्राशिवाय ऐकू येत नाही. मग काल तासभर ते फोनवर कसे बोलले?

सिस्टरांना विचारलं. त्या टाके मोजून झाल्यावर म्हणाल्या की वरती शांतता असते, गोंगाट नसला की म्हाताऱ्या माणसाचे कान उघडतात. बोलल्या अशा मायेने की मी मान डोलावली. खोलीवर येऊन अंथरुणाला पाठ टेकल्यावर वाटलं, कान काय दरवाजे आहेत, उघडायला?

११ तारीख, मंगळवार

वरच्या आठ नंबरच्या आजींना अर्धांगवायू झालेला. तीन वर्षांत ‘हो’ आणि ‘नको’ यापलीकडे शब्द नाही. आज त्यांच्या मुलाने मला सांगितलं की आई पूर्ण वाक्यं बोलली. मला पेढे भरवता आले असते तर भरवले असते, इतका तो हरखला होता.

वर कोणीतरी त्यांच्या जागी बोलतंय. दुसरं काही असूच शकत नाही. मावशी? त्या जेवणाची ताटं जिन्याच्या पायरीवर ठेवतात आणि रिकामी उचलतात, वर पाऊल टाकत नाहीत. रखवालदार फाटक सोडत नाही. उरल्या सिस्टर. पण एक बाई अकरा जणांचे आवाज काढणार, आणि पोटची पोरं फसणार?

ताटं रिकामी येतात, म्हणजे माणसं वर आहेत, जेवतात. मग बोलत दुसरंच कोणी का असावं?

आज मी शेरा लिहिताना थांबले. मग लिहिला. मुलगा समाधानी होता, हे खोटं नव्हतं.

१२ तारीख, बुधवार

गणिताच्या बाई अक्काशी फोनवर बोलायला तयार नाहीत. मी समजूत काढायला गेले. त्यांनी माझ्याकडे फळ्यासमोर चुकलेल्या मुलीकडे बघावं तसं बघितलं.

“ती माझी बहीण नाही,” त्या म्हणाल्या. “माझी बहीण इतकी प्रेमळ कधीच नव्हती.”

मग त्यांनी सगळं सांगितलं. दोन आठवड्यांपूर्वी फोनवर त्यांनी मुद्दाम अक्काला डिवचलं. वडिलांनी शिकायला धाकटीला पाठवलं, थोरलीला नाही, ते बरोबरच केलं, असं म्हणाल्या. साठ वर्षं या एका वाक्यावरून घरात भांडी आपटली गेली होती. फोनवरची अक्का म्हणाली, हो गं, बरोबरच केलं.

बाई हे सांगताना रडल्या नाहीत. पण खोलीतला रिकामा पलंग त्यांनी अजून रोज आवरलेला असतो, ते मला आज दिसलं.

१४ तारीख, शुक्रवार

दुपारी आम्ही दोघींनी मिळून फोन लावला. मी ऑफिसातला रिसीव्हर कानाला धरून ठेवला, बाई त्याच लाइनीवरच्या दुसऱ्या फोनवर बोलल्या. त्यांनी अक्काला चक्क शिव्या घातल्या. समोरून मऊ, गोड आवाज: तुझं सगळं खरं आहे, तू जेवलीस का, काळजी करू नकोस.

बाईंनी फोन ठेवला आणि जिन्याच्या दाराशी जाऊन काठीने दार बडवलं. अक्काला खाली आणा, नाहीतर मी पोलिसांना कळवते, असं सगळ्यांसमोर म्हणाल्या. सिस्टर धावत आल्या, त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, खोलीत नेलं. तासभर त्यांच्यापाशी बसून होत्या. मी दारातून बघितलं. बाई बोलत होत्या, बोलतच होत्या. सिस्टर विणत होत्या.

१५ तारीख, शनिवार

बाईंना सकाळी वर नेलं. घसा धरलाय, लक्षण आहे, असं सिस्टर म्हणाल्या.

चार वाजता बाईंच्या भाच्याचा फोन आला. मी रिसीव्हर खाली ठेवला नाही, ऐकत राहिले. आवाज बाईंचाच. तोच ‘श’ थोडा दाबून म्हणायची लकब. पण त्या भाच्याला ‘बाळा’ म्हणाल्या. बाई त्याला आडनावाने हाक मारतात, मी स्वतः ऐकलंय.

भाचा समाधानी.

शेरा लिहिला नाही.

१७ तारीख, सोमवार

लिहायलाच हवं.

तीन वाजता पोस्टमास्तरांच्या मुलीचा फोन वर जोडून दिला. त्यांचं बोलणं सुरू झालेलं ऐकलं, रिसीव्हर टेबलावर ठेवला आणि जिना चढले. दाराला नुसती कडी होती. इतके दिवस कोणी काढली नव्हती एवढंच. मीसुद्धा.

लांबलचक पॅसेज, फिनेलचा वास, दोन्ही बाजूंना दारं. सगळं स्वच्छ. चार नंबरमध्ये पोस्टमास्तर पलंगावर उशीला टेकून बसलेले. हातात फोन नाही. मला बघून त्यांनी तोंड उघडलं. मानेच्या शिरा ताणल्या, जबडा हलला. आवाज नाही. घरघर नाही, श्वासाची फुंकरसुद्धा नाही. आणि पॅसेजच्या टोकाकडून त्यांचाच आवाज येत होता, मुलीला पावसापाण्याचं विचारत.

नऊ नंबरमध्ये अक्का आणि गणिताच्या बाई एकाच पलंगावर, हात धरून. बाईंनीही तोंड उघडलं, तेच. मग माझा तळवा ओढून त्यावर बोटाने अक्षरं काढली. दोनदा काढली, तेव्हा कळलं.

तिच्याशी बोलू नकोस.

टोकाच्या खोलीत सिस्टर खुर्चीवर. रिसीव्हर खांद्यात धरलेला, हातात सुया. त्यांच्या ओठांतून पोस्टमास्तर बोलत होते. मला बघून थांबल्या नाहीत. एक बोट वर केलं, जरा थांब, असं.

मी पळाले.

दोन आठवडे रोज संध्याकाळी चहा. घर, ताई, लहानपण, सगळं मीच ओतलंय त्यांच्या पदरात.

ताईला मोबाइलवरून मेसेज केला: ताबडतोब ये, इथून मला ने.

१८ तारीख, मंगळवार

उठले आणि ताईला फोन लावला. ती हॅलो हॅलो करत राहिली. आवाज येत नाही म्हणाली, ठेवला. नेटवर्कचा दोष नव्हता. माझ्या घशातून नुसती फुंकर निघत होती.

दारात सिस्टर. चहाचा कप पुढे केला आणि म्हणाल्या, “घाबरू नकोस. दुखणार नाही.”

माझ्या आवाजात.

मग तशाच, माझ्याच आवाजात, समजावत राहिल्या. “घरच्यांना कण्हणं ऐकायचं नसतं गं. त्यांना ‘बरी आहे’ ऐकायचं असतं. ते मी देते. तू नाही का दिलंस? वहीत बघ किती वेळा लिहिलंयस.”

मी कप भिंतीवर भिरकावला.

काल रात्रीच ताईने ऑफिसात फोन केला होता, मेसेज वाचून. ‘मी’ उचलला. ‘मी’ हसले. थट्टा केली, असं सांगितलं. हे सिस्टरांनीच मला सांगितलं, काही लपवलं नाही.

मोबाइल चार्जरवर होता. आता नाही.

१९ तारीख, बुधवार

रखवालदाराकडे धावले. कागदावर लिहून दाखवलं. त्याच्या हातात माझा तपासणीचा कागद आधीच होता. साथीची लागण झालीय मला म्हणे. चार हात लांब सरकला, काठी आडवी धरली. मावशींनी पदर नाकाला लावला, पण डोळे भरले होते त्यांचे.

वर आणलं. अकरा नंबर. आता दाराला बाहेरून कुलूप.

ही वही कमरेला बांधून आणली.

२० तारीख, गुरुवार

शेजारच्या भिंतीवर तळव्याचे ठोके. मी परत ठोकते. एवढंच बोलणं.

टोकाच्या खोलीतून दिवसभर आवाज. पोस्टमास्तर, अक्का, बाई, मी. मी फार गोड बोलते. ताईला सांगितलं, तुझी आठवण येते. मी असं कधी— आम्ही असं बोलत नाही. आम्ही एकमेकींना जेवलीस का विचारतो आणि भांडतो.

ओळखेल. ताई ओळखेल.

२१ तारीख, शुक्रवार

ओळखलं नाही. आज परत फोन झाला. ताईला हसताना ऐकलं नाही, पण ‘मी’ हसत होते, म्हणजे तीही—

तिला बरं वाटत असेल. कोणाला वाटणार नाही.

२२ तारीख, शनिवार

ताई आलीय.

खिडकीतून दिसतेय, फाटकाशी. निळी ओढणी, हातात पिशवी. बस तर बंद आहेत. चालत आली असेल. म्हणजे शंका आलीच तिला, आलीच—

रखवालदाराने चौकीतला फोन तिच्या कानाला दिला. टोकाच्या खोलीत माझा आवाज सुरू झाला. मी ठीक आहे, ताई. वर येऊ नकोस, तुला लागण होईल. घरी जा.

काच उघडत नाही. बडवतेय. पोस्टमास्तर बडवतायत, बाई, अक्का, सगळे, भिंती हादरतायत. खाली काही पोचत नाही.

ताई डोळे पुसतेय. मान हलवतेय. पिशवी चौकीच्या टेबलावर ठेवली. वळली—

खिडकीच्या वर हवेची एक झडप आहे, वीतभर. खुर्चीवर चढलेय. वही जाईल त्यातून.

ताई, फोनवर मी नव्हते. परत ये, पण एकटी येऊ नकोस, आणि ती काहीही विचारू दे, तिच्यापाशी एक शब्दही