सासऱ्यांचं विरजण

वॉस, नॉर्वे

ती. ताईस,
शिरसाष्टांग नमस्कार. पोट आड येतं, तेव्हा सप्तांगच समज.

सासऱ्यांचे हात थरथरतात, म्हणून यंदा घरची बिअर प्रथमच माझ्यावर सोपवली. यीस्ट त्यांच्या पणजोबांपासूनचं. माझ्या हातून मेलं तर वंशच बुडाला! ते घालताना इथे आरोळी ठोकतात, त्याशिवाय बिअर चढत नाही म्हणे. मी आपला शांतिमंत्र पुटपुटलो.

"जावईबापू, त्याला उठवायचंय, निजवायचं नाही!" सासरे कडाडले.

मग असा "हर हर महादेव" ठोकला, की शेजारचा ओड्वार फावडं घेऊन धावत आला!

आज सकाळी पिंपावर हा एवढा फेस! म्हातारा पिंपाला कान लावून हसत बसलाय.

तुझे गुडघे कसे आहेत? आईने विचारलं तर सांग, श्रीपादने सासरी विरजण लावलं आणि ते लागलं. असत्य एक अक्षर नाही.

तुझा आज्ञाधारक (सोयीपुरता),
श्रीपाद