येळवशीच्या दुपारची लाईट

प्रिय वर्षाराणी,

पत्र बघून हसू नकोस. आजकाल पत्र कोण लिहितं, हे मलाही कळतं. पण तू मला फोनवर ब्लॉक केलंयस, आणि दुसऱ्याच्या मोबाईलवरून फोन करायचा नाही अशी शपथही तूच नांदेडच्या स्टँडवर मला घातली होतीस. ती मी पाळून राहिलोय. बरंच झालं म्हणा. नाहीतर जे आता लिहितोय ते मी तुझ्या ड्युटीच्या वेळी ओरडून सांगितलं असतं आणि तुझ्या वॉर्डातले अर्धे पेशंट सलाइनसकट उठून बसले असते. तर बातमी अशी आहे की आपल्या वाडीत दिवसा लाईट आहे. रानातली लाईट, पूर्ण थ्री फेज, आणि दिवसा! ऊन चढलं की मोटारी सुरू होतात, दिवस कलला की बंद. रात्री माणसं झोपतात. तू बिलोलीची असलीस तरी सगळ्या सुट्ट्या वाडीत मामांकडेच काढल्यास, म्हणून तुला सांगायला नको की 'रात्री माणसं झोपतात' हे आमच्यासाठी केवढं मोठं वाक्य आहे. थंडीत कांबळं पांघरून बॅटरी घेऊन पाणी द्यायला निघालेले मामा तुला आठवत असतील. 'लाईटवाल्यांनी आमाला घुबडं करून ठेवलंय' म्हणायचे.

मी कॉलेज सोडलं याचा राग तुझ्या मनातून गेलेला नाही, हे मला ठाऊक आहे. मला मात्र त्याचं अजूनही काही वाटत नाही. भर वर्गात सर म्हणाले, तुमच्या लातूर-नांदेडकडे उन्हाशिवाय पिकतं तरी काय? सगळे हसले. मी उठून म्हणालो, 'मग ऊनच विकू की सर,' आणि बॅग उचलून बाहेर पडलो. तुझ्या हॉस्टेलच्या गेटवर येऊन मी हे मोठ्या ऐटीत सांगितलं, तेव्हा तू काय म्हणालीस? 'तोंडानं विकशील रे ऊन, हातानं काय करशील?' दुसरी कुणी असती तर मी भांडलो असतो. तुझ्याशी भांडता आलं नाही म्हणून गावी आलो आणि एका सोलर कंपनीत लागलो. काम काय, तर गावोगाव जागा दाखवायची, माणसं जमवायची, शिव्या खायच्या. शेवटचं काम मला मनापासून जमतं, कारण खाल्लेल्या शिव्या मी लगेच परत करतो.

आपलं गायरान आठवतं ना, वरच्या अंगाचं, नुसता मुरूम? कंपनीनं ते पंचायतीकडून भाड्यानं मागितलं. तिथं सोलरच्या प्लेटा बसवायच्या, वीज आपल्याच सबस्टेशनला द्यायची आणि आपल्या रानातल्या मोटारी दिवसा चालवायच्या. ग्रामसभा भरली. मी उभा राहून जीव तोडून समजावलं. गाव हळूहळू मान डोलवायला लागलं होतं, तेवढ्यात तुझे मामा, आमचे ईश्वरप्पा काका, उठले. खांद्यावरचा टॉवेल झटकून म्हणाले, 'समदं खरं हाय. पण माज्या देवण्यांनी काय काचा चघळायच्या का?' झालं, सगळी सभा हसायला लागली. ईश्वरप्पा काकांच्या देवणी गाई म्हणजे गावाची शान, हे मलाही मान्य आहे. पण माझं डोकं तुला माहीत आहे. मी म्हणालो, 'काका, तुमच्या गाई तरी दिवसा चरतात. तुमची मोटार रात्रीच चरती.' लोक आणखी हसले. पण यावेळी मामांना हसले. ते उठून गेले ते गेलेच. ठराव झाला. गवताचा खालचा भाग आणि गुरांची वाट मोकळी ठेवायची अट घालून झाला. ती अट मीच कंपनीशी भांडून लिहून घेतली, पण मामांपर्यंत ते पोचलंच नाही. त्या दिवसापासून मी समोरून आलो की मामा बैलाशी बोलायला लागायचे. बैलही मान हलवायचा, जसं काही दोघांचं माझ्याबद्दलच काहीतरी ठरलंय.

आणि अशा माणसाकडे दिवाळीनंतर माझी आई तुझ्यासाठी शब्द टाकायला गेली! तुझे वडील गेल्यापासून तुमच्या घरात मामांच्या शब्दाशिवाय काही ठरत नाही, म्हणून तुझ्या आईकडे, दानम्मा आत्यांकडे, बिलोलीला न जाता आई त्यांच्याकडेच गेली. मामांनी तिला पाट दिला, चहा दिला आणि सांगितलं, 'वहिनी, तुमचा मान हाय. पर कालेज अर्धं टाकलेल्याला, गायरान इकून खाणाऱ्याला मी पोरगी देत न्हाई.' आई घरी येऊन एवढंच सांगून भाजी निवडत बसली. त्यानंतर लगेच कळलं की पुण्याचे पाहुणे तुला बघून गेले, मुलगा मोठ्या कंपनीत आहे आणि तू मला फोनवरून काढून टाकलंयस. मग मी काय काय केलं ते लिहीत नाही. एवढंच सांगतो की आमच्या गोठ्याचं दार नवीन बसवावं लागलं.

आता खरी गंमत ऐक. प्लांट तयार झाला. पुण्याहून कंपनीच्या साहेबांचा फोन आला, पुढच्या शुक्रवारी दुपारी उद्घाटन ठेवू का, पाहुणे येतील, मंडप घाला. माझं डोकं तुझ्या त्या पाहुण्यांत अडकलेलं. मी म्हणालो, ठेवा. मंडप घातला, खुर्च्या मांडल्या, स्पीकर बांधला. शुक्रवारी साहेब गाडीतून उतरले आणि बघतात तर मंडपात एक कुत्रं. गावात शिरले तर घराघराला कुलूप. मला म्हणाले, 'अहो, गाव कुठं गेलं?' आणि तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. वर्षा, त्या दिवशी येळवस होती! लातूर जिल्ह्यात जन्मलेल्या माणसानं येळवस विसरावी? स्वतःचं नाव विसरलं तर एक वेळ माफ होईल! साहेबांना मी सांगायला लागलो की आज अमावास्या, आज सगळी वाडी रानात असते, कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, घालून पांडव पूजतात, शेंगा-भाज्यांची भज्जी आणि आंबील खातात, आज आमचा कलेक्टरसुद्धा गावात सापडणार नाही. साहेब म्हणाले, 'मग तुम्ही तारीख कशी दिली?' मी एका खुर्चीला लाथ घातली. खुर्ची प्लास्टिकची होती, पण अंगठा माझाच होता.

तेवढ्यात बांधावरून बचत गटाच्या रत्नम्मा काकू आल्या, डोक्यावर आंबिलीचं मडकं. मला बघून त्यांनी कपाळावर हात मारला. 'अगं बाई, मृत्युंजया, येळवशीला मंडप? उद्या शिमग्याला लगीन लावशील!' मग साहेबांकडे वळून म्हणाल्या, 'चला सायेब, आजच्या दिशी हितं कुणी उपाशी ऱ्हात न्हाई.' आणि गायरानाला लागून कुणाची कोप? तुझ्या मामांची. मी म्हणालो, मी बाहेर थांबतो. काकूंनी माझं मनगट धरलं आणि शेळी ओढावी तसं मला ओढत नेलं.

कोपीत पाच दगडांचे पांडव मांडलेले, शेजारी दिवा. मामांनी मला बघितलं. येळवशीला दारात आलेल्याला परत पाठवता येत नाही, अगदी वैऱ्यालाही, हे त्यांनाही माहीत आणि मलाही. त्यांनी पत्रावळ मांडली. भज्जी वाढली, बाजरीचे उंडे वाढले, वरून आंबील. साहेबांना विचारत होते, अजून घ्या, लाजू नका. मला न विचारता वाढत होते. मी मान खाली घालून जेवत होतो. भज्जी इतकी फक्कड झाली होती की रागातसुद्धा तीनदा घेतली. जेवण झाल्यावर मामा हात धुता धुता कुणाकडेच न बघता म्हणाले, 'आज गाव कुणाच्या मंडपात येत नसतंय. पर मोटारी तर रानातच हायेत न्हवं? आन माणसं बी मोटारीपाशीच हायेत. मग बटन दाबायला काय मुहूर्त पायजे का?'

साहेब माझ्याकडे बघायला लागले, मी मामांकडे. मग मी उठलो आणि सबस्टेशनला फोन लावला. रत्नम्मा काकूंनी बांधावर उभं राहून शेजारच्या कोपीला हाक दिली, त्यांनी पुढच्या कोपीला, आणि निरोप एका रानातून दुसऱ्या रानात फोनपेक्षा लवकर गेला, 'स्टार्टरपाशी ऱ्हावा!' भर दुपार होती. हरभरा फुलावर, ज्वारी पोटऱ्यात. सबस्टेशनवाला म्हणाला, सोडली. मामा विहिरीच्या पेटीपाशी उभे होते. बटन दाबायच्या आधी त्यांनी एकदा वर उन्हाकडे बघितलं, जणू विचारत होते, खरंच तू का? आणि मोटार बोलली. मग पलीकडची. मग ओढ्यापलीकडची. वर्षा, मी आयुष्यात पुष्कळ आवाज ऐकलेत, पण अख्ख्या शिवारातल्या मोटारी एका वेळी, दिवसाउजेडी सुरू झाल्याचा तो आवाज! पाईपातून पाणी आलं ते उन्हात चमकत आलं. आपलं पाणी चमकतं हे आमच्यातले कित्येक जण विसरूनच गेले होते, अंधारात ते नुसतं पायाला लागायचं. रानात आंबील शिंपडताना आपण 'ओलगे ओलगे' करून ओरडतो ना, ती आरोळी त्या दिवशी प्रत्येक बांधावरून उठली, आणि थांबेचना. साहेब बुटांसकट पाण्याच्या दंडात उतरून व्हिडिओ काढत होते. आणि तुझे मामा धोतर खोचून पाण्यात उभे होते, खोरं हातात, दारं मोडून पाणी पुढच्या वाफ्यात वळवायचं विसरून. वाफा भरून पाणी बांधावरून वाहायला लागलं तेव्हा मीच ओरडलो, 'काका, फुटलं!' तर म्हणाले, 'फुटू दे की रं, दिसतंय तरी!' वर्षभरात माझ्याशी बोललेलं पहिलं वाक्य.

तेव्हापासून गावाची तऱ्हाच बदललीय. पंचायतीला गायरानाचं भाडं यायला लागलं, त्यातून शाळेला पाण्याची टाकी झाली आणि पोरींसाठी बंद संडास झाले. प्लेटा धुवायचं आणि त्यांच्याखालचं गवत कापायचं काम रत्नम्मा काकूंच्या बचत गटाला मिळालं. सकाळी ऊन तापायच्या आत बाया लांब दांड्याचे ब्रश घेऊन निघतात. काकू म्हणतात, 'घरातला आरसा कधी पुसला न्हाई, आता सूर्याचा पुसून राहिलोय.' धुतलेलं पाणी खाली पडून त्या मुरमात असं गवत आलंय की विचारू नकोस, आणि ते कुणाच्या गोठ्यात जातं सांगू? देवण्यांच्या! अहमदपूरचे मोटार बांधणारे नजीरभाई मात्र मला रोज शिव्या देतात. 'तेरे सूरजने मेरा धंदा बिठाया रे! व्होल्टेज नीट झालं, मोटारी जळायच्याच बंद झाल्या.' तोंडानं शिव्या आणि हातानं प्लेटांच्या लोखंडी सांगाड्यांचं वेल्डिंग, कारण शेजारच्या गावांनीही आता प्लांट मागितलाय. दोन माणसं नवीन ठेवलीत त्यांनी. पुण्याला वॉचमनकी करणारी आपली तीन-चार पोरं परत आलीत, दुपारची लाईट आहे म्हणून कुणी भाजीपाला केलाय, कुणी दुधाचं बघतोय. मी फुगलोय असं तुला वाटेल. हो, फुगलोय. फुगायला मला जागा झालीय. आणि तरी संध्याकाळी मोटारी बंद पडल्या की शिवार एवढं शांत होतं, की त्या शांततेत मला दुसरं काही सुचत नाही, तूच सुचतेस. वॉर्डातून सुटलीस का, जेवलीस का, त्या पुण्याच्या माणसाशी फोनवर हसून बोलतेस का.

आता हे पत्र तुझ्या हातात कुणी दिलं ते बघ. परवा मामा प्लांटवर आले. इकडचं तिकडचं बोलले, गवताची तारीफ केली, मग एकदम म्हणाले, 'पुण्याचे लोक लई दिस थांबलेत, त्यांना रविवारी सांगायचंय. दानम्मा म्हणती दादा तू सांग. पोरगी म्हणती मामा म्हणंल तसं. मी सांगणार न्हाई. गायरानाचं एकदा उलटं सांगून बसलो, पोरीचं सांगायची छाती न्हाई. तुला काय म्हणायचंय ते लिही, मी नेतो. तिचं तिनं ठरवावं.' आणि जाताना, 'मी वाचीन असं भ्या वाटत असंल तर चष्मा घरीच ठेवून जातो.' तर वर्षा, तुझ्यासमोर बिनचष्म्याचे जे उभे आहेत, त्यांना आधी बसव आणि पाणी दे. मी तुला मागतोय. नोकरी सोड असं म्हणत नाही, पुण्याच्या मुलापेक्षा मी चांगला असंही म्हणत नाही, तो बहुतेक दारं तोडत नसावा. पण माझ्याइतकं तुला कुणी मागणार नाही. उत्तर नाही असेल तर ते तू स्वतः मला लिही. मामांच्या तोंडी देऊ नकोस, या वयात ते असला निरोप घेऊन एसटीत कसे बसतील? आणि हो असेल तर काहीच लिहू नकोस. दोन दिवसांची रजा टाक आणि त्यांच्या शेजारी एसटीत बस. मी अहमदपूरच्या स्टँडवर मोटारसायकल घेऊन उभा आहे. मामा एकटे उतरले तर त्यांना मागे बसवून नीट घरी सोडीन, एक शब्द बोलणार नाही. दोघं उतरलात तर गाडी तू चालव, मामांना मागे बसव. मी मागून चालत येतो.

तुझाच (नको असेल तर हा शब्द तूच खोड, माझ्यानं खोडवत नाही),
मृत्युंजय