बाबांचे जुने मिस्त्री

तीर्थरूप काका,

नमस्कार. (साष्टांग घालायला आमच्याकडे सध्या जमीन रिकामी नाही, बाबांनी दुकानातले पंखे घरी आणून ठेवले आहेत.) तुमची पाठ कशी आहे? काकूंच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं, हे आईकडून कळलं. या घरात तुमच्याशी बोलायला बंदी आहे आणि आई ती काटेकोर पाळते (स्वयंपाकघराचं दार लावून, हळू आवाजात).

भांडण राजकारणावरून झालं असं तुम्हाला वाटतं. ते तांब्याच्या तारेवरून झालं. पंखे दुरुस्तीची गिऱ्हाइकं कमी झाली तेव्हा बाबा मोटर वाइंडिंगवाल्यांच्या फोनवरच्या एका ग्रुपमध्ये गेले. तिथे आधी जळक्या कॉइलचे फोटो असत. मग कुणीतरी लिहिलं, हल्लीच्या तारेत भेसळ असते. ते खरं आहे. मग भेसळ कोण करतं, तर नदीपलीकडचे लोक. मग त्यांना पाठीशी कोण घालतं. आणि शेवटी त्यांचं काय करायला हवं. ते शेवटचं वाक्य पहिल्याच दिवशी कुणी उच्चारलं असतं, तर बाबांनी त्याला दुकानातून बाहेर काढलं असतं. तुम्ही जेवताना एवढंच विचारलंत, "दादा, पण त्या लोकांकडे तारेचा कारखाना आहे तरी कुठे?" दुसऱ्या दिवशी ग्रुपवर तुम्ही 'घरातला फितूर' झालात आणि बाबांचं अभिनंदन झालं. त्यांनी दुरुस्त केलेल्या एकाही पंख्याला एवढी दाद मिळालेली नाही.

मी वाद घातला नाही. चपला विकणाऱ्या ॲपवर माणसाचं बोट कशापाशी थांबतं हे मोजणं माझी नोकरी आहे, आणि ते रागापाशी थांबतं. म्हणून मी 'जुना मिस्त्री' या नावाने ग्रुपमध्ये शिरले. समजुतीचं बोलून पाहिलं, कुणी विचारलं नाही. मग सुरुवातीला त्यांच्यासारखं बोलायचं आणि शेवटी हळूच शंका काढायची, असं ठरवलं. लोक शेवटापर्यंत वाचत नाहीत (हे मी ऑफिसात तक्त्यांसकट सिद्ध केलं आहे, तरीही). मिस्त्री भलतेच लोकप्रिय झाले. परवा बाबांनी मिस्त्रींचं एक वाक्य मोठ्याने वाचून दाखवलं. मी म्हटलं, "बाबा, हे मला पटत नाही." तर म्हणाले, "तू शिकलीस गं, पण मिस्त्रींनी जग पाहिलंय." (मिस्त्रींनी ते वाक्य बसमध्ये दांडीला लटकून लिहिलं होतं.)

या रविवारी ग्रुपमधली मंडळी पलीकडच्या बाजारात 'जाब विचारायला' जाणार आहेत. बाबांनी एका पंख्याचा लोखंडी दांडा काढून घासून ठेवला आहे. काल तो हातात धरून ते आरशासमोर उभे होते. मी दिसले तेव्हा म्हणाले, "गंज चढलाय का बघत होतो." मिस्त्रींनी ग्रुपवर 'जाऊ नका' असं स्पष्ट लिहिलं. त्यावर मिस्त्रींचा फोन चोरीला गेला आहे, असं सर्वानुमते ठरलं.

बाकी सगळं ठीक. काकूंना डोळ्यात थेंब वेळेवर घालायला सांगा.

तुमची पुतणी

ता. क. : फोन 'सापडल्यावर' मिस्त्रींनी बाबांना एकट्यांना कळवलं आहे की तब्येत बरी नाही, रविवारी सकाळी भेटून जा. बाबा लगेच हो म्हणाले. पत्ता तुमचा दिला आहे. तुमचं नवं घर त्यांनी पाहिलेलं नाही. दार कृपया तुम्ही स्वतः उघडा आणि त्यांना संध्याकाळपर्यंत जाऊ देऊ नका. भांडून थांबवलंत तरी चालेल. खरं काय ते मी येऊन सांगेन. त्यानंतर ते माझ्याशीही बोलणार नाहीत, हे मी धरून चालले आहे.

ता. क. २ : बाबांनी मिस्त्रींना विचारलं, घरी कोण कोण असतं. मी लिहिलं, एक भाऊ आहे, पण बोलणं नाही. त्यांचं उत्तर आलं : "माझंही तसंच आहे. ग्रुपवर सांगू नका."