पांढरे हातमोजे

प्रिय मेरिली,

तुझं पत्र वाचून मी स्वयंपाकघरातच उड्या मारल्या! तुझं लग्न, आणि तेही केबशी, जो चर्चच्या कॅम्पमध्ये बायबलसकट तळ्यात पडला होता! आजी ओरडली, "अगं पोरी, फरशी फुटेल!"

सगळं आठवलं गं. बुधवारी संध्याकाळी चर्चच्या तळघरातलं जेवण, चिकन कॅसरोलचा तो करपलेला कोपरा, ज्यासाठी आपण भांडायचो, आणि मग हातात धरून वाजवायच्या पितळी घंट्यांची प्रॅक्टिस, प्रत्येक घंटीचा एकच सूर. दोन तुझ्या, शेजारी दोन माझ्या. एक जण जरी चुकली तरी सुरात भोक! पितळेवर डाग नकोत म्हणून सगळ्यांना पांढरे हातमोजे. अख्ख्या चर्चमध्ये आमचं एकच काळं कुटुंब, पण मोजे चढवले की घंट्या शिकवणाऱ्या मिस ग्लेंडा कौतुकाने म्हणायच्या, "बघा, आता सगळ्यांचे हात सारखे!" मला ते इतकं आवडायचं की मी घरी जाईपर्यंत मोजे काढायचेच नाही.

मग पोलिसांनी माझ्या भावाला, लिंडनला, काही केलं नसताना गाडीतून ओढून बेदम मारलं. हॉस्पिटलमधून मी थेट चर्चला आले. म्हटलं, त्याचं नाव घेऊन प्रार्थना करा. पास्टरांनी पोलिसांसाठी केली, शांतीसाठी केली. लिंडनचं नाव नाहीच. उलट माझ्याच नावाने घरोघरी निरोप गेला, ओडेसाच्या मनातला कडूपणा जावा म्हणून प्रार्थना करा. तूही फोनवर म्हणालीस, "मीपण करतेय हं." प्रेमानेच म्हणालीस. ते जास्त लागलं. मग मी आलेच नाही.

येशूला नाही सोडलं हं! आजीच्या चर्चला जाते. तिथे घंट्या नाहीत, नुसत्या टाळ्या. पहिल्याच रविवारी माझी टाळी सगळ्यांच्या आधी पडली. आजी म्हणाली, "बाई गं, त्या गोऱ्यांनी तुला धड टाळीसुद्धा शिकवली नाही?" मागची बाकं खो-खो हसली, मीही. पण तिथे लिंडनचं नाव घेतात. मोठ्याने, दर रविवारी. आता तो काठीशिवाय चालतो.

तू विचारलंस, लग्नात माझ्या दोन घंट्या वाजवायला येशील का. त्या चर्चच्या पायऱ्या पुन्हा चढायच्या नाहीत, असं मी ठरवलं होतं. पण तुझ्या लग्नात सुरात भोक नको. येते. फक्त मोजे घालणार नाही. मिस ग्लेंडा म्हणतील, पितळेवर बोटं उमटतील. उमटू देत. कुणी पुसायला आलं, तर तू पुसू देऊ नकोस.

तुझीच,
डाव्या हाताची शेजारीण,
ओडेसा