पहाटेची ओळ

३ फेब्रु., मंगळ.
असरच्या अजानमध्ये अब्बा पहाटेची ओळ म्हणाले. 'नमाज झोपेपेक्षा बरी.' ती फक्त फजरची, संध्याकाळी पाचची नाही. तीही भोंग्यावरून, अख्ख्या शिंदखेड्यात. मी वह्या तपासत होते, लाल पेन हातातच राहिलं.
अब्बा घरी येऊन चहात बिस्कीट बुडवत बसले. कळलेलंच नाही. मीही बोलले नाही. भित्री मेली.
शेजारच्या अक्का भिंतीवरून : "पोरी, तुन्हा अब्बानी सकायनी वळ आत्ते कशी म्हनी?" बाईला अरबीचं अक्षर येत नाही. म्हणे, "चाळीस वरीस आयकी ऱ्हायनू. बठ्ठी पाठ शे."

४ फेब्रु.
अब्बांना सांगितलं एकदाचं. ते हसले. "जेवून झोपलो, उठलो तर वाटलं पहाट झाली." पटलं. म्हणजे पटवून घेतलं.

७ फेब्रु., शनि.
परत तेच. आज दुपारी झोपलेही नव्हते.
मशीद कमिटीचे अध्यक्ष, सदरसाहेब, आले. चप्पल काढतानाच अवघडलेले. "बाबा, रमजान तोंडावर आला. तरुण पोराकडे देऊ या का अजान?"
अब्बा : "विचार करून सांगतो." जेवले नाहीत. सदरांचा राग येत नाही, हाच त्रास.

१० फेब्रु.
सकाळी माझी रुखसाना धुळ्याला बाळंत झाली. मुलगी. मी आजी झाले! पोरीचा हट्ट, बाळाच्या कानात पहिली अजान तिचे नानाच, म्हणजे अब्बाच, देतील, तोवर कोणी नाही.
अब्बा नको म्हणाले. "मशिदीत चुकलं तर लोक सांगतात. कानात गेलेलं परत कसं काढू?"
अक्का भिंतीपलीकडून : "बाबा, चुकनात तरी ती पोर कोनले सांगनार शे?" अब्बा हसले. टोपी मागितली.
दवाखान्यात पणतीच्या उजव्या कानाशी तोंड नेलं. आवाज अगदी हळू. 'हय्या अलल फलाह' दोनदा झालं आणि अब्बा थांबले. पहाटेची ओळ इथेच येते. रुखसानाने माझा हात घट्ट धरला. अब्बा बाळाच्या मिटलेल्या डोळ्यांकडे बघत राहिले. मग पुढचं, नीट, शेवटपर्यंत. डाव्या कानात इकामतही, नमाज सुरू होतानाची हाक.
परतताना एसटीत विचारलं, का थांबलात?
"ती ओळ जिभेवर आली होती. म्हटलं, हिला झोपू दे."
मी खिडकीकडे तोंड करून रडले.

११ फेब्रु.
पहाट. अब्बा वुजूचे हातपाय धुऊन, टोपी घालून दाराशी उभे आहेत.
"जाऊ का मी अजानला?"
इतक्या वर्षांत मला कधी विचारलं नव्हतं.